पोथीच्या कापडातली राजकन्या

मी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते. राजकन्या, शाप, जादूचं जंगल, आणि त्यात दोन माणसं एकमेकांसाठी झुरतायत असल्या. वय सदुसष्ट, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचाय. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. आमच्या मजल्यावर दचकून झालंय सगळ्यांचं. आता तुमचं.

कादंबरी घरात आली ती नातीमुळे. ती अकरावीत आहे, इंग्रजी माध्यमातली. वाढदिवसाला मैत्रिणीनं तिला एक जाडजूड मराठी पुस्तक दिलं, आणि नात बसली एकेक अक्षर लावत. जोडाक्षर आलं की गाडी बंद.

"आजी, तू वाच ना. मी ऐकते. मला जमतच नाही ही भाषा."

"तुझी भाषा आहे ती, बाई."

"हो गं, पण तू वाच."

मी वाचलं. मला मोठ्यानं वाचता येतं चांगलं, कारण आयुष्यभर तेच केलंय. शाळा सातवीला सुटली. लग्न होऊन कांजूरमार्गच्या चाळीत आले तर सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण पोथी रोज हवी. मग मी वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या, आणि एखादा शब्द चुकला की डोळे न उघडता म्हणायच्या, "परत." सगळी पोथी पाठ होती त्यांना. माझं वाचन असं झालं, दुसऱ्याच्या कानासाठी. त्यामुळे अजूनही मनात वाचताना माझे ओठ हलतात. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत भिंतीवरची सूचना वाचत असले तरी शेजारचा माणूस विचारतो, "काही म्हणालात का?" हे ओठ पुढे फार महाग पडले मला, म्हणून सांगितलं.

तर ती कादंबरी. गोष्ट जुनीच, तुम्हालाही माहीत असेल. राजकन्येला सुई टोचते, ती शंभर वर्षं झोपते, महालाभोवती काट्यांचं रान वाढतं, मग एक राजपुत्र येतो, तिचा मुका घेतो, ती उठते, लग्न. मुलगा दुसरीत असताना त्याच्या चित्रांच्या पुस्तकात ही गोष्ट होती आणि मला तेव्हाच पटली नव्हती. एक मुलगी झोपलीय. कोण कुठला माणूस येतो, विचारत नाही, पुसत नाही, थेट मुका घेतो. आमच्या चाळीत कुणी असं केलं असतं तर अख्खी चाळ चपला घेऊन मागे लागली असती. आणि इथे त्याला अर्धं राज्य!

या नव्या कादंबरीवाल्या बाईनं मात्र ती गोष्ट पार उसवून परत शिवलीय. तिच्यात शापाला एक अट आहे. एकानं झोपायचं असेल तर दुसऱ्या कुणीतरी तितकी वर्षं जागं राहायचं. ते जागणं येतं महालात दिवे लावणाऱ्या पोराच्या वाट्याला. काट्यांच्या रानाचा राखणदार तो. राजकन्या स्वप्नात असते आणि स्वप्नाला एक दार असतं, दाराच्या पलीकडे हा. पहिली वीस वर्षं नुसती भांडणं. मग ती हळूच विचारते, "बाहेर आत्ता काय फुललंय?" आणि तो सांगतो. रोज सांगतो. एकदा बाहेर दुष्काळ असतो तरी तो आंब्याचा मोहर सांगतो, ती त्याला पकडते, आणि म्हणते की माझ्याशी खोटं बोलायचं नाही, दुष्काळ असेल तर दुष्काळ सांग. मध्येमध्ये राजपुत्र येतात, तलवारी घेऊन काट्यात अडकतात. राखणदार त्यांना सोडवतो, पाणी पाजतो आणि घरी पाठवतो.

मला सांगा, हे असं वाचल्यावर कोण थांबेल? नात क्लासला गेली की मी पुढे वाचायला लागले.

"चीटिंग, आजी! तू पुढे गेलीस!"

"मागचं परत वाचीन ना तुझ्यासाठी."

"तोंड बघ तुझं. काहीतरी झालंय पुढे. त्यांनी किस केलं ना?"

"अभ्यास कर."

पण वाचायचं कधी? आमचं घर मुलुंडला, बाराव्या मजल्यावर. मुलगा ऑफिसला जातो. सूनबाई घरूनच काम करते, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, कानाला हेडफोन लावून. आणि मी रिकामी. म्हणजे मला रिकामी समजतात. कुरिअर आलं, आजी. गॅसवाला आला, आजी. समोरच्यांची किल्ली, पलीकडच्यांचं दूध, कुकरची तिसरी शिट्टी, सगळं आजी. सूनबाई वाईट नाही हं. पण मीटिंगमधून हात वर करून ती बोटं हलवते, म्हणजे मी समजायचं की दार वाजतंय. माझ्या मांडीवर पुस्तक असलं की तिला वाटतं मी बसलेय. बसलेलीच असते, पण मी काही करतेय हे कुणाला दिसत नाही.

एक बुधवार होता. हॉलच्या कोपऱ्यात आमचा देव्हारा आहे आणि तिथल्या खिडकीतून दहा ते बारा असा उजेड येतो की चष्म्याशिवायसुद्धा अक्षर दिसावं. तिथे पाट घेऊन बसले. नातीनं बजावलं होतं, हळदीचे हात लावू नकोस, कव्हरवर सोनेरी काटे आहेत ते निघतील. म्हणून मी पुस्तकाला कापड गुंडाळलं. सासूबाईंची शिकवण, जपायचं पुस्तक कापडात ठेवायचं. हाताला लागलं ते पोथीचं जास्तीचं लाल कापड, नुकतंच धुतलेलं. देवासमोरचा दिवा सकाळचा तेवत होता. आणि माझे ओठ हलत होते.

बेल वाजली. मी उठणार तेवढ्यात सूनबाईची पावलं ऐकू आली. दारात कुणी पार्सलवाला होता, त्याला समोरच्यांच्या पार्सलसाठी सही हवी होती.

ती हळू आवाजात म्हणाली, "जरा नंतर या. आई पोथीला बसल्यात. मध्ये उठवता येणार नाही."

मी मान वर केली नाही. पुस्तकात राजकन्येनं दाराला हात लावला होता आणि पलीकडून त्यानंही लावला होता. मध्ये फक्त लाकूड. अशा वेळी कोण मान वर करतं?

म्हणजे खोटं मी बोलले नाही, गप्प बसले. पण गप्प बसणंही कधीकधी बोलणंच असतं, हे मला कळत होतं. कळत असून बसले. बारा वाजता उठले तर कुकर बंद केलेला, दूध वर काढून ठेवलेलं, आणि सूनबाई म्हणाली, "आई, सात दिवसांचं का पारायण? मला आधी सांगायचं ना. मी कांदा-लसूण घातलं नसतं." माझ्या तोंडून "हं" गेलं. एवढंच. हं.

मग काय सांगू, ते दिवस! लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली मला, हे जाऊनही सहा झाली, पण सलग दोन तास कुणी मला हाक मारली नाही असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. बेल वाजे, सूनबाई उठे. फोन वाजे, तिकडेच बंद होई. आणि मी त्या रानात. काट्यांना फुलं येतात ते प्रकरण, त्याच्या हाताच्या जखमा ती स्वप्नातून बरी करते ते प्रकरण. ते जवळ येतात ते प्रकरण मी तीनदा वाचलं, लाजायचं काय त्यात? तो तिला विचारतो, "येऊ?" आणि ती "अजून नाही" म्हणते, तर तो हसून बाहेर बसतो आणि पुढची तीन वर्षं नुसता बोलतो. आमचे हे चांगले होते, पगार हातात आणून द्यायचे, कधी हात उगारला नाही. पण "येऊ?" असं कुणी विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्या पानावर मी जरा थांबले होते.

चौथ्या दिवशी समोरची वहिनी आली. माझ्याच वयाची, मालवणकडची, तीस वर्षांची ओळख. चाळीतही शेजार, टॉवरमध्येही शेजार. हातपाय धुऊन, माळ घेऊन माझ्यासमोर सतरंजीवर बसली.

"मोठ्यान वाच गो. माझ्या पण कानार पडांदे."

आता इथे मात्र मी चक्क खोटं बोलले. म्हटलं, "मनात वाचायचा संकल्प केलाय."

"बरां तर. मी नुसती बसतंय."

आणि बसली, रोज. हात जोडून, माझ्या तोंडाकडे बघत. मी नेमकी ते जवळ येण्याचं प्रकरण दुसऱ्यांदा वाचत होते. बारा वाजता वहिनी म्हणाली, "तुझ्या तोंडार काय तेज इलाहा गो!" मी पाणी प्यायला गेले.

सातव्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं, आज संपेल, गुपचूप कापड काढायचं, विषय संपला. पण अकरा वाजता पाहते तर स्वयंपाकघरातून तुपात रवा भाजल्याचा वास. सूनबाईनं अर्धी सुट्टी घेतली होती. सांगतेला केळं घालून शिरा केला होता. मजल्यावरच्या पाच-सहा बायकांना बोलावलं होतं, बी विंगच्या मंडळवाल्या ताईही होत्या. वहिनी नवी साडी नेसून पुढे. मला काही बोलायला वेळच मिळाला नाही. सूनबाई ताम्हण घेऊन आली, गुडघे टेकून बसली, हळदीकुंकवाचं बोट पुस्तकाकडे नेलं.

तिच्या केसांना रव्याचा दाणा चिकटला होता. सकाळपासून राबत होती पोर. त्या कापडातल्या वस्तूला ती नमस्कार करणार होती.

मी तिचा हात धरला. "थांब. त्यात पोथी नाही."

"म्हणजे?"

मी कापड सोडलं. कव्हरवर सोनेरी काटे, मोकळ्या केसांची राजकन्या आणि पाठीमागे तो राखणदार, खांद्यावर सदरा नसलेला. मग पलीकडच्या फ्लॅटमधली नवी नवरी ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली.

वहिनी म्हणाली, "ह्यां काय गो?"

"कादंबरी."

"कसली?"

"प्रेमाची."

"आणि मी चार दिवस हात जोडून बसलंय समोर! देवाक तरी घाबर गो!"

"देवाची क्षमा मी मागीन. तुझीही मागते, वहिनी. तुझ्याशी मी खोटं बोलले."

बी विंगच्या ताई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आजी, या वयात असलं वाचणं शोभतं का?"

खरं तर तिथे मी गप्प बसायला हवं होतं, चूक माझी होती. पण तो प्रश्न मला झोंबला. मी म्हटलं, "ताई, कोणत्या वयात शोभलं असतं ते सांगा. विशीत मी सासूबाईंची पोथी वाचत होते. मग मुलाची पाठ्यपुस्तकं. मग ह्यांच्या आजारपणातले रिपोर्ट. कापड घातलं ही माझी चूक, शंभरदा चूक. वाचलं ही चूक नाही. ते मी कबूल करायची नाही."

ताईंनी आठ्या तशाच ठेवल्या. शिरा मात्र सगळ्यांनी खाल्ला. नैवेद्य नसला तरी शिरा तो शिरा.

बायका गेल्या. मी लाल कापड धुवायला घातलं, पोथीपुढे डोकं टेकवलं. आणि मग सूनबाई स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले.

"आई, मी मीटिंगमधून उठून उठून दार उघडलं. क्लायंट बोलत असताना कुकर बंद केला. कशासाठी? तुम्ही सरळ सांगितलं असतं की कादंबरी वाचायचीय, तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नाही म्हटलं नसतंस," मी म्हणाले. "पण मध्ये उठवलं असतंस."

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत उलगडलं. मलाही वाईट वाटत होतं, कारण मी तिच्यावर आरोप करत नव्हते, खरं तेवढं सांगत होते. पोथीला मध्ये थांबवत नाहीत. बाईला थांबवतात. हे तिनं ठरवलेलं नाही, आणि माझ्या सासूबाईंनीही ठरवलं नव्हतं. पण चाललंय ना?

"मला ते दोन तास हवेत," मी म्हटलं. "कापडाशिवाय."

संध्याकाळी मुलाच्या कानावर गेलं. तो जेवताना म्हणाला, "आई, एवढंच आहे तर दुपारी वाच ना."

"दुपारी डोळे मिटतात. आणि खिडकीतला उजेड जातो."

"मग संध्याकाळी..."

"दहा ते बारा. मी तुझ्या ऑफिसचे तास बदलले कधी?"

नात फिस्सकन हसली, आईनं तिच्यावर डोळे वटारले. सूनबाई ताटात बघत म्हणाली, "माझी साडेअकराची मीटिंग असते रोज. मी किती वेळा उठू?" बरोबर होतं तिचं. मग आम्ही दोघींनीच बसून वाट काढली, मुलगा जेवून टीव्हीसमोर गेला तेव्हा. कुकर दहाच्या आत लावायचा, तो मी लावीन. पार्सलं खाली वॉचमनकडे. समोरच्यांनी आपली किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवायची. आणि ती म्हणाली, शनिवारी सकाळी तिलाही दोन तास हवेत, दार लावून नुसतं पडून राहायला. म्हटलं, घे. शनिवारची बेल माझी.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कापडाशिवाय धरून उरलेली पानं वाचली. शेवट सांगू? राजकन्येला कुणी उठवत नाही. ती आपणहून उठते, आतून कडी काढते. बाहेर तो उभा असतो, शंभर वर्षांचा जागा. तिला बघतो, आणि तिथेच पायरीवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी जातो. आणि आता ती जागी बसते. मी नातीला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली, "आजी, रडू नको यार, मलापण येतंय."

वहिनी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. लिफ्टमध्ये आकडे बघायची. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू. आणि मार्गशीर्ष आला. आमच्या मजल्यावर गुरुवारची कहाणी दर वर्षी मी वाचते. विधवा बाईनं वाचावी का यावर एकदा कुजबुज झाली होती, पण माझ्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुजबुज विरली. या वर्षी मला निरोपच आला नाही. मंडळवाल्या ताईंनी स्वतः वाचली. ऐकलं मी, की त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि राणीचं राज्य जायच्या आधीच परत मिळालं.

दुसऱ्या गुरुवारच्या आधी दारात वहिनी आणि ताई दोघी उभ्या. वहिनीच्या हातात वाटी, काजूची उसळ. राग गेल्याची तिची रीत.

"येवा," मी म्हटलं, मुद्दाम तिच्या बोलीत. ती हसली नाही, पण बसली.

ताई म्हणाल्या, "आजी, झालं गेलं सोडा. कहाणी तुम्हीच वाचायची. तुमच्याशिवाय मजा नाही."

खरं सांगते, माझ्या पोटात एकदम ऊन पडलं. आवाज चढवून, राणीचा तोरा करून, म्हातारीचा आवाज काढून वाचायला मला फार आवडतं. आणि समोर वहिनी बसलेली असली की मग तर काय.

"वाचीन की. किती वाजता?"

"दहाला. मग सगळ्यांना स्वयंपाकाला मोकळं होता येतं."

सूनबाई टेबलावर होती. तिनं हेडफोन एका कानावरून सरकवला. मला ते दिसलं.

"दहाला नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी पाचला ठेवा. हवं तर आमच्या घरी ठेवा, चहा माझा."

"संध्याकाळी मुलांचे क्लास असतात हो. दहाच बरे. तासाभराचा तर प्रश्न."

"दहा ते बारा मी नसते."

"खय जातंस?" वहिनीनं विचारलं.

"घरातच असते. पण नसते."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या पाटाकडे, त्यावर पालथं घातलेल्या नव्या पुस्तकाकडे. नातीनं लायब्ररीतून आणलेलं, यात जलपरी आहे आणि तिनं आवाज द्यायला नकार दिलाय.

"कादंबरीसाठी कहाणी सोडतंस?"

वर्षातून चार गुरुवार. आठवड्याला एक तास. सोडला असता तर काय बिघडलं असतं, असं तुम्हीही म्हणाल. मीही इतकी वर्षं हेच म्हणत आले. आज एक तास, उद्या किल्ली, परवा कुणाचं बाळ, आणि कुणीच वाईट नाही, सगळे प्रेमानंच मागतात.

"हो," मी म्हटलं. "सोडते."

ताई उठल्या. वहिनी जरा मागे राहिली, वाटी घ्यायला. मी उसळ आमच्या भांड्यात काढली, वाटी धुऊन तिच्या हातात दिली. रिकामी वाटी परत देत नाहीत, म्हणून तिच्यात साखर घातली. वाटी घेऊन ती समोरच्या दारात शिरली.

गुरुवारी दहाला समोरच्या दारामागे घंटा वाजली. ताईंचा आवाज आला, अडखळत, एका शब्दावर तीनदा आपटत. तो शब्द मला तोंडपाठ होता. माझे ओठ हललेसुद्धा. सूनबाईनं टेबलावरून वर बघितलं. मग मी चष्मा पुसला, पुस्तक सरळ केलं, आणि जलपरी पाण्यातून बाहेर आली होती तिथून पुढे वाचायला लागले.